तासांनी गिटार येत नाही

बहारीनच्या जिदहफ्समधल्या मराठी घरात नवी गिटार आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "रोज किती तास बसतोस?" आणि वाजवणारा तिशी ओलांडलेला असेल तर दुसरा, "आता कुठे बोटं वळणार?" दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच मत आहे. गिटार ही बोटांची विद्या, बोटं वळायची ती लहानपणीच, आणि वळवायची तर तासन्‌तास घासायची. हे मत इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. आखातात त्याची किंमत जरा जास्तच मोजावी लागते. लांबलचक ड्यूटी, मनामाच्या रस्त्यावरचा ट्रॅफिक, भिंतीला भिंत लागून असलेले फ्लॅट; यातून रोजचे चार तास आणायचे कुठून? मग गिटार कपाटावर चढते आणि आपल्यात ते नव्हतंच, असं म्हणून माणूस गप्प बसतो. हे गप्प बसणं मला सोसत नाही, म्हणून हा खटाटोप.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. तो दुबळा नाही. आपल्याकडे रियाजाला तपश्चर्येचं स्थान आहे. चाळीस दिवस जगाशी संबंध तोडून एकाच साधनेत बुडायचं, असा चिल्ल्याचा प्रघात घराण्यांमध्ये होता. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकलेल्यांच्या कडक दिनक्रमाच्या हकिगती प्रसिद्ध आहेत. शिवाय विज्ञानाचाही दाखला दिला जातो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास छापून आला. सर्वांत सरस गटातल्या विद्यार्थ्यांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्यानं केलेला सराव दहा हजार तासांच्या वर भरत होता. 2008 मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकानं हा आकडा घरोघरी पोहोचवला. आता गिटारचा क्लास लावणाऱ्या पालकांपासून मोबाइलवरच्या अ‍ॅपपर्यंत सगळे तासच मोजतात.

त्या अभ्यासात काय होतं ते मात्र फारसं कुणी वाचत नाही. दहा हजार ही सरासरी होती. त्या सरस गटातल्या जवळपास निम्म्या मुलांनी त्या वयापर्यंत तो आकडा गाठलेलाही नव्हता, हे पुढे खुद्द एरिक्सन यांनीच सांगितलं. आपल्या निष्कर्षाचा 'दहा हजार तासांचा नियम' झालेला त्यांना मान्य नव्हता. त्यांचा भर होता तो सरावाच्या जातीवर: चूक नेमकी कुठे आहे हे कळणं, तेवढ्याच जागी थांबणं, ती दुरुस्त झाली की नाही हे लगेच पडताळणं. त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की ही सरस मुलं सराव छोट्या बैठकांत वाटून करत आणि इतरांपेक्षा जास्त झोपत. ही झोप कुठल्याच क्लासच्या जाहिरातीत आलेली मी पाहिली नाही.

याहून नेमका पुरावा 2009 चा आहे. रॉबर्ट ड्यूक, एमी सिमन्स आणि कार्ला कॅश या तिघांनी पियानोच्या सतरा तयार विद्यार्थ्यांना शोस्ताकोविचच्या एका कन्चेर्तोमधला छोटा पण अवघड तुकडा दिला. हवा तितका वेळ बसा, उद्या येऊन वाजवा, एवढीच अट. दुसऱ्या दिवशी कुणाचं वादन चांगलं झालं? जास्त वेळ बसले त्यांचं नव्हे. जास्त वेळा वाजवलं त्यांचंही नव्हे. ज्यांच्या सरावात बरोबर वाजवलेल्या आवर्तनांचं प्रमाण जास्त होतं, ते पुढे गेले. वरच्या क्रमांकांच्या वादकांच्या हातूनही सुरुवातीला चुका झाल्याच होत्या, पण त्यांनी चुकीची जागा ताबडतोब हेरली, लय उतरवली, आणि ती जागा स्थिर होईपर्यंत पुढे पाऊल टाकलं नाही. बाकीचे चूक तशीच ठेवून तुकडा पहिल्यापासून घासत राहिले, म्हणजे ती चूकच पक्की करत राहिले.

आता इथे बोटांच्या मताची खरी अडचण सुरू होते. चूक हेरतं कोण? बोटाला आपण चुकलो हे कळत नाही. ते कान सांगतो. स्वर आधी मनात ऐकू आलेला असेल, तरच निघालेला स्वर त्याच्याशी ताडून पाहता येतो. ज्याच्या कानात काहीच नाही त्याला चार तास बसवा, तो चार तास आंधळाच चालेल. म्हणून गिटार शिकण्यात पहिला मान कानाचा, दुसरा मनाचा आणि तिसरा बोटांचा, असं माझं म्हणणं आहे.

हे मत परदेशी प्रयोगशाळेतून आयात केलेलं नाही. मुंबईत अन्नपूर्णादेवींनी आयुष्यभर ज्या पद्धतीनं शिकवलं तिचा विचार करा. त्या स्वतः सूरबहार वाजवत. त्यांच्याकडे निखिल बॅनर्जी सतार शिकले, हरिप्रसाद चौरसिया आणि नित्यानंद हळदीपूर बासरी शिकले. सूरबहार वाजवणारी गुरू बासरीवाल्याला बोटं कुठे ठेवायची हे कसं दाखवणार? त्या गाऊन शिकवत. गुरूच्या गळ्यातून निघालेली जागा शिष्यानं कानानं घ्यायची, मनात धरायची आणि मग आपल्या वाद्यावर ती कुठे मिळते ते शोधायचं. बोटांची वाट शिष्यानं स्वतः काढायची. बोटांची विद्या हेच संगीत असतं, तर हे सारं शिक्षण अशक्य होतं.

हरिप्रसादजी त्यांच्याकडे गेले तेव्हा आकाशवाणीत आणि चित्रपटसंगीतात नाव कमावलेले वादक होते. आपण नव्यानं शिकायला तयार आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली, उजवीकडची डावीकडे नेली. बोटांची सगळी जुनी सवय मोडून ती उलटी बसवली, तीही पूर्ण वाढलेल्या वयात. मोठेपणी बोटं वळत नाहीत म्हणणाऱ्यांनी या एका घटनेवर थोडं थांबावं.

खुद्द गिटारचं उदाहरण हवं असेल तर जोधपूरला 1937 साली जन्मलेले ब्रिजभूषण काबरा आहेत. त्यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजवला. ते शिकले उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे, म्हणजे सरोदियाकडे. 1967 मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद यांच्याबरोबर त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आली आणि संतूर, बासरी, गिटार या तिन्ही वाद्यांकडे बघण्याची लोकांची दृष्टी बदलली. गिटारवर राग कसा वाजवायचा हे दाखवणारा गिटारवाला गुरू त्यांना मिळालेला नव्हता. कानात सरोद होता, आणि गिटारनं त्याच्यामागून जायचं होतं.

रियाजाच्या नावानं तासांची भलामण करणाऱ्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्रही आठवावं. अमलेटा संस्थानात असताना अति गाण्यानं त्यांचा आवाज गेला. परत आला तो पूर्वीसारखा नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी विचारानं घडवली आणि तिच्यातून जयपूर-अत्रौली घराण्याचा बहुतेक डौल आला. शरीराला मर्यादा असते, हे त्या घराण्याच्या जन्मकथेतच लिहिलेलं आहे. गिटारवाल्यांच्या बाबतीत ती मर्यादा मनगटात आणि बोटांत असते. 'फोकल डिस्टोनिया' नावाच्या विकारात बोटं आपोआप आखडतात, आणि व्यावसायिक वादकांत सुमारे शंभरातल्या एकाला तो होतो असा अंदाज आहे. अतिरेकी, यांत्रिक सराव हे त्याच्या कारणांपैकी एक मानलं जातं.

कानाला पहिला मान देणारी परंपरा इथे बहारीनमध्येही आहे. जिदहफ्सहून मुहर्रक फार लांब नाही. तिथल्या 'दार' म्हणवणाऱ्या घरांमध्ये मोत्यांच्या गलबतांवरचे लोक हंगाम नसताना जमत आणि फिजिरी गात. टाळ्या, मातीची जहला, ढोलके आणि खालच्या पट्टीतला दीर्घ घुमारा यांचा हा गानप्रकार 2021 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. औद हे तंतुवाद्य आणि मिरवास हा छोटा ढोल यांच्या साथीनं गायला जाणारा सौत हा दुसरा प्रकार, त्यातलं मोठं नाव मुहम्मद बिन फारिस यांचं. दोन्ही प्रकार कागदावरून शिकले गेलेले नाहीत. मैफलीत बसून ऐकायचं, मग टाळी धरायची, मग गळा मिसळायचा, हा क्रम. औदाला तर पडदेच नसतात. बोट किती सरकवायचं हे फक्त कान ठरवतो. आपल्या कोकणापलीकडे गोव्यातही चर्चच्या शाळांमध्ये मुलांना आधी सोल्फेजो, म्हणजे स्वर गाऊन म्हणायला शिकवत, आणि वाद्य त्याच्याबरोबर येई. पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद ज्यांच्या बळावर उभे राहिले, ते गोंयकार वादक याच शिस्तीतले. अन्नपूर्णादेवींचं घर, बहारीन आणि गोवा, तिन्ही ठिकाणी धर्म वेगळा, भाषा वेगळी, वाद्यं वेगळी. क्रम मात्र एकच.

"पण एफ कॉर्ड कानानं दाबली जात नाही हो!" हा आक्षेप येणार, आणि तो योग्यही आहे. तर्जनीनं सहाही तारा दाबायच्या असलेली ही पहिल्या फ्रेटवरची कॉर्ड कितीतरी लोकांच्या गिटारचा शेवट करते. पण तिथेही दोष बोटांचाच, हे कशावरून? हाच आकार पाचव्या फ्रेटवर नेऊन बघा. तो ए होतो आणि बहुतेकांना लगेच सोपा जातो. पहिल्या फ्रेटपाशी तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या, अगदी जवळ असते, म्हणून तिथे ती सर्वांत कडक लागते. नटमधल्या खाचा उथळ असतील तर तार उंच राहते आणि दाबायला आणखी जोर लागतो. स्वस्त गिटारींमध्ये हे सर्रास असतं. वाद्य दुरुस्त करणाऱ्यानं खाचा थोड्या खोल केल्या की महिन्यांची झटापट तासाभरात संपू शकते. बहारीनमध्ये त्यात हवेचीही भर पडते. बाहेर समुद्राची दमट हवा, आत उन्हाळाभर चालणारा एसी. लाकडी गिटारला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. एसीच्या झोतासमोर ठेवलेल्या गिटारचं लाकूड आक्रसतं, मान हलते, तारांची उंची बदलते. काल येत होतं ते आज का येत नाही, याचं उत्तर कधी कधी भिंतीवरच्या एसीत असतं, आणि बिचारा वाजवणारा आपल्या वयाला दोष देत बसतो.

बोटांच्या मताला सगळ्यात मोठा धक्का द्यायचा तर जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट पुरेसे आहेत. 1928 मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्यांच्या गाडीघराला आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली. त्यानंतर मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर त्यांनी जी सोलो वाजवली ती आजही दोन्ही हात धडधाकट असलेले वादक झटून शिकतात. जॅझमधल्याच वेस माँटगोमेरी यांचं उदाहरण तर जिदहफ्सच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला जास्त जवळचं वाटावं. वयाच्या विशीच्या सुमारास, लग्न झालेलं असताना, दिवसा नोकरी करत ते गिटार शिकले. नोटेशन त्यांना वाचता येत नव्हतं. चार्ली ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यातली सोलो त्यांनी कानानं उतरवली. रात्री घरच्यांना आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून पिक टाकून ते अंगठ्यानं वाजवू लागले, आणि तोच मऊ नाद पुढे त्यांची ओळख ठरला.

तासवाल्यांचं खंडन झालं की लगेच दुसरा पक्ष उठतो: म्हणजे ते रक्तातच असावं लागतं. त्यांच्या हाती 2014 चा ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास असतो. संगीतातल्या कौशल्याच्या फरकांपैकी सुमारे 21 टक्केच फरक सरावाच्या प्रमाणानं समजावता येतो, असं त्यात निघालं. पण उरलेले 79 टक्के रक्ताचे, असं तो अभ्यास म्हणत नाही. त्यात सुरुवातीचं वय, शिक्षक, स्मृती, मोजणीतल्या चुका असं बरंच काही येतं. वरच्या सतरा पियानोवादकांमध्ये दिसलेला सरावाच्या जातीतला फरकही तासांच्या बेरजेत कधीच पकडला जात नाही. रक्तवाला आणि तासवाला दोघेही एकाच जागी चुकतात. सरावाच्या आत काय घडतं इकडे दोघांचंही लक्ष नाही.

मोहरमच्या दिवसांत जिदहफ्स आणि आसपासच्या वस्त्यांमधले मातम, म्हणजे शोकसभांची सभागृहं, रात्री उशिरापर्यंत भरलेले असतात. त्या दिवसांत वाद्य मिटून ठेवावं, हे इथे राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. तासवाल्याच्या हिशेबात हे दिवस वाया जातात. पण अल्व्हारो पास्कुआल-लिओने यांच्या 1995 च्या प्रयोगात काही लोकांनी पाच दिवस पियानोला बोट न लावता, पाच बोटांचा तोच पाठ फक्त मनात वाजवला. त्यांच्या मेंदूत प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांसारखेच बदल दिसले. पाच दिवसांनी त्यांची अचूकता प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकी होती, आणि पियानोवर एकदा दोन तास बसल्यावर ते बरोबरीला आले. तेव्हा गिटार केसमध्ये असली तरी एखाद्या गाण्याची चाल डोक्यात धरून ती कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर पडेल हे मनात शोधता येतं. पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसऱ्या तारेवर पाचव्या, तिसऱ्या तारेवर नवव्या आणि चौथ्या तारेवर चौदाव्या फ्रेटवर सापडतो. गिटारचा असा नकाशा मनात बसायला वाद्य लागत नाही.

तानपुऱ्यावर कान तयार झालेल्या मराठी माणसाला गिटारवर एक अडचण मात्र येते, आणि ती लपवू नये. मोकळी तार षड्ज धरली, तर षड्जाशी मिळालेला शुद्ध गंधार आणि चौथ्या फ्रेटवर निघणारा गंधार यांत अर्धस्वराच्या सुमारे सातव्या भागाइतका फरक आहे. गिटारचा चढा लागतो. पुष्कळांना सुरुवातीला तो खटकतो आणि आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं. खटकणं ही तयार कानाची खूण आहे. गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले आहेत, एवढं समजून घेतलं की कान दोन्ही गंधार ओळखायला शिकतो.

म्हणून जिदहफ्समध्ये कुणी मला कशी सुरुवात करू असं विचारलं, तर मी आधी गिटार एसीपासून दूर ठेवायला आणि तिच्या तारांची उंची तपासून घ्यायला सांगतो. मग रोज अर्धा तास. त्यातली पहिली दहा मिनिटं वाद्य हातातही घ्यायचं नाही. एक ओळ ऐकायची, गुणगुणायची, तिची सरगम म्हणायची. नंतर तीच ओळ एका तारेवर शोधायची, मग दुसऱ्या. जिथे अडखळलं तेवढ्या दोन स्वरांवर थांबायचं, लय अर्धी करायची, आणि ते दोन स्वर सलग काही वेळा निर्दोष निघाल्यावरच तिसरा जोडायचा. कंटाळा आला की गिटार ठेवून द्यायची आणि झोपायचं.