भारवाहू डिझेल गाडीची शर्यत-सिद्धता आणि चालकाचे स्थान

(१)

भंडारा आणि गोंदिया या झाडीपट्टीच्या प्रदेशात धानाची कापणी व मळणी आटोपली म्हणजे गावोगावी शंकरपट भरतात. गोंदिया शहराला लागून असलेले कुडवा हे गाव आणि त्याच्या भोवतालचा मुलूख या परंपरेच्या क्षेत्रातच मोडतो. दिवसा पट आणि रात्री नाटक हा क्रम झाडीपट्टीच्या रंगभूमीच्या अभ्यासकांना परिचित आहे. पटात धावणारी गाडी शेतातून धान वाहणाऱ्या गाडीचीच वंशज होय. परंतु भार वाहण्यासाठी जे जे आवश्यक असते ते बहुतेक सर्व तिच्यातून काढून टाकलेले असते. माल ठेवण्याची जागा नाही, बाजूच्या तट्ट्या नाहीत, लाकडाचा जाडपणा नाही. उरतात ती दोन चाके, आख, धुरा, जू आणि धुरकरी. धुरेवर बसून बैल हाकणारा तो धुरकरी; म्हणजे या माणसाचे नावच मुळी गाडीतील त्याच्या जागेवरून पडलेले आहे. गाडीचे इतर अवयव कमी झाले तरी ही जागा कमी होत नाही. उलट, भार गेल्यावर गाडीत तेवढीच जागा मुख्य होऊन बसते.

कामाचे वाहन शर्यतीत उतरविताना काय टाकावयाचे आणि काय राखावयाचे, हा प्रश्न यंत्रयुगातील भारवाहू वाहनाच्या बाबतीतही उपस्थित झालेला आहे. डिझेल इंजिनाची मालमोटार शर्यतीसाठी सिद्ध करण्याचा इतिहास सामान्यतः अश्वशक्तीच्या चढत्या आकड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु हे आकडे बाजूस ठेवून चालकाच्या जागेचे काय झाले असे विचारले, तर त्याच घटनांची संगती निराळी लागते. प्रस्तुत लेखात ती लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

(२)

रुडॉल्फ डिझेल याचे इंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी रीतीने चालले. हवा अतिशय दाबून तापवावयाची आणि त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडून ते पेटवावयाचे, हे त्याचे तत्त्व. दाब मोठा असल्यामुळे इंजिनाचा सांगाडा भक्कम, म्हणून जड करावा लागे. त्यामुळे आरंभीची कित्येक वर्षे ते कारखान्यांत आणि जहाजांवरच राहिले. १९२० नंतरच्या दशकात ते मालमोटारीत आले. शर्यतीशी मात्र त्याचा काही संबंध असू शकेल असे त्या काळी फारसे कोणास वाटत नव्हते.

हा समज पहिल्याने मोडला तो अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील पाचशे मैलांच्या शर्यतीत. इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी क्लेसी कमिन्स याने १९१९ साली स्थापन केलेल्या कंपनीने १९३१ च्या शर्यतीत डिझेल इंजिनाची गाडी उतरविली. डेव्ह एव्हान्स हा तिचा चालक होता. गाडी तेरावी आली. पण सुमारे ८०५ किलोमीटरांचे अंतर तिने एकदाही न थांबता पुरे केले, आणि तसे करणारी ती त्या शर्यतीतील पहिलीच गाडी ठरली. येथे वेगापेक्षा काटकसर हा सिद्ध करावयाचा मुद्दा होता, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. डिझेल थोड्या तेलात लांब जाते, एवढे मालवाहतूक करणाऱ्यांना पटले म्हणजे कंपनीचे काम झाले.

१९५२ साली त्याच कंपनीने पुन्हा गाडी आणली. तिचे सहा सिलिंडरांचे ६.६ लिटर क्षमतेचे इंजिन मालमोटारीच्या इंजिनावरूनच घडविलेले होते. गाडीची उंची कमी व्हावी म्हणून ते जवळजवळ आडवे निजविले होते आणि बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून आत अधिक हवा दाबणारा टर्बोचार्जर त्यास बसविला होता. फ्रेड अगाबाशियन याने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांवर, म्हणजे सुमारे २२२ किलोमीटरांच्या सरासरीने, गाडी चालवून प्रारंभरेषेवरील पहिले स्थान मिळविले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ७१ फेऱ्यांनंतर गाडी थांबली. धावपट्टीवर उडणारे टायरच्या रबराचे कण टर्बोचार्जरच्या हवा घेणाऱ्या तोंडाशी साचून ते बुजले होते. इंजिनाची शक्ती सिद्ध झाली होती. हवा आत घेण्याची जागा कोठे ठेवावी एवढेच चुकले होते. शर्यतीसाठी वाहन सिद्ध करणे म्हणजे केवळ शक्ती वाढविणे नव्हे, हा धडा या एका प्रसंगात पुरेसा स्पष्ट झालेला आहे.

(३)

या कंपनीचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला तो १९६२ साली. त्या वर्षी पुण्यात ‘किर्लोस्कर कमिन्स’ची स्थापना झाली. किर्लोस्कर समूहाने १९४६ सालीच पुण्यात तेलइंजिनांचा स्वतंत्र उद्योग उभारला होता आणि विहिरीवरचे पंप व गिरण्या यांच्याद्वारे डिझेल इंजिन मराठी खेड्यात परिचयाचे झाले होते. दुसरीकडे, १९४५ साली रेल्वे इंजिने तयार करण्यासाठी निघालेल्या ‘टेल्को’ने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेन्झ कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला. १९६६ पासून पुण्याजवळ पिंपरी-चिंचवड येथे तिचा दुसरा कारखाना उभा राहू लागला. २००३ साली या कंपनीचे ‘टाटा मोटर्स’ असे नामांतर झाले.

या काळातील भारतीय मालमोटारीच्या रचनेतील एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कारखान्यातून बाहेर पडे ती बहुधा चासी, तिच्यावरील इंजिन आणि पुढचा दर्शनी भाग. चालक बसतो ती केबिन कारखाना करीत नसे. मालक ती गावोगावच्या सुतार-लोहारांकडून लाकूड व पत्रा यांची करून घेई. म्हणजे इंजिनाचा एकेक भाग सूक्ष्म मापाने तपासला जाई, आणि जो मनुष्य दिवसातील बारा-चौदा तास त्या इंजिनाच्या धगीत बसणार, त्याच्या आसनाचे माप कोणत्याही आराखड्यात नसे. हा दोष कारागिरांचा नव्हता. उपलब्ध साहित्यात त्यांनी मजबूत आणि पुष्कळदा देखण्या केबिनी बांधल्या. प्रश्न होता तो वाहनाच्या कल्पनेतच चालकास स्थान होते की नाही याचा. धुरकऱ्याची जागा गाडीच्या रचनेतच असे. मालमोटारीच्या चालकाची मागाहून जोडली जाई.

(४)

मालमोटारींची स्वतंत्र शर्यत सुरू झाली ती अमेरिकेतच, १९७९ च्या जून महिन्यात, अटलांटा येथील धावपट्टीवर. मागील ट्रेलर सोडून नुसते पुढचे ओढणारे वाहन, म्हणजे ट्रॅक्टर, तेथे धावले. त्याच महिन्यात डिझेलची टंचाई आणि वाढलेले भाव यांमुळे त्या देशातील स्वतंत्र मालमोटार-चालकांनी मोठा बंद पुकारला होता. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे म्हणता येणार नाही. परंतु आपल्या वाहनाचा स्वतःच मालक असलेला चालक हा त्या समाजात एक ठळक व्यक्ती होता, एवढे दोहोंवरूनही दिसते. १९८४ साली इंग्लंडमधील डॉनिंग्टन पार्क येथे अशी शर्यत झाली आणि पुढे युरोपभर तिचा प्रसार झाला. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने १९९४ पासून तिला युरोपीय चषकाचे आणि २००६ पासून अजिंक्यपद स्पर्धेचे रूप दिले.

युरोपीय नियमांमुळे शर्यतीची मालमोटार कशी सिद्ध करावी याचे एक शास्त्रच तयार झाले. वाहन दोन आसांचे असावे आणि त्याचे वजन सुमारे साडेपाच टनांच्या आसपास ठरविलेल्या किमान मर्यादेखाली जाऊ नये. इंजिन एक हजाराहून अधिक अश्वशक्ती देते, तरी वेग ताशी १६० किलोमीटरांच्या पुढे गेल्यास दंड होतो. दिसण्याजोगा काळा धूर सोडल्यासही दंड होतो. त्यामुळे टर्बोचार्जर जेवढी हवा देईल तेवढेच तेल फवारावे लागते, आणि ही जुळणी साधणे हे इंजिन-सिद्धतेतील सर्वांत नाजूक काम ठरते. इंजिन मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या पुढे फारसे जात नाही. म्हणून उपयुक्त शक्तीचा पट्टा अरुंद असतो आणि चालकास वरचे मोजके गिअर फार अचूक वेळी बदलावे लागतात. भार वाहण्यासाठी केलेले ताठ पाटे बदलून गाडी खाली बसविली जाते, आणि पुढील-मागील चाकांवर वजनाची विभागणी नव्याने करावी लागते.

खरी अडचण असते ती ब्रेकची. साडेपाच टनांचे वाहन ताशी १६० किलोमीटरांनी धावत असता त्यात जी गतिज ऊर्जा असते, ती चाळीस टनांचे भरलेले वाहन ताशी सुमारे ६० किलोमीटरांनी जात असतानाच्या ऊर्जेइतकी भरते. म्हणजे शर्यतीसाठी भार उतरविला तरी वेगाच्या रूपाने तो पुन्हा चढतो, आणि महामार्गावर क्वचित उद्भवणारा तातडीने थांबण्याचा प्रसंग येथे प्रत्येक वळणावर येतो. यासाठी ब्रेकवर पाण्याचा फवारा सोडण्याची योजना असते. वळणावर शर्यतीच्या मालमोटारीच्या चाकांतून निघणारा पांढरा ढग या पाण्याच्या वाफेचा असतो.

इतकी तयारी झाल्यावर जे करावे लागते ते चालकासाठी. गाडी उलटली तरी चेपू नये असा पोलादी नळ्यांचा पिंजरा केबिनीच्या आत बसवितात, अंगाला धरून ठेवणारे आसन आणि अनेक पट्ट्यांचा बंद बसवितात, व तेलाच्या टाकीस आणि फिरत्या दांड्यास संरक्षक कवच घालतात. हे केल्याखेरीज गाडीस धावपट्टीवर प्रवेशच मिळत नाही. भारवाहू वाहनाच्या इतिहासात चालकाची जागा ही पूर्वअट म्हणून मान्य झालेली ठळकपणे दिसते ती येथे.

(५)

भारतात ही शर्यत पहिल्याने २३ मार्च २०१४ रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय धावपट्टीवर झाली. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत याच धावपट्टीवर फॉर्म्युला वन गाड्या धावल्या होत्या. टाटा मोटर्सने आयोजित केलेल्या या स्पर्धेत सहा संघांच्या बारा ‘प्रायमा ४०३८’ मालमोटारी होत्या. जमशेदपूरच्या कारखान्यातील या मालिकेच्या नावातील ४० हा आकडा टनांतील एकूण भार दर्शवितो आणि ३८ हा अश्वशक्तीचा निर्देश करतो. त्यांना बसविलेली ८.९ लिटरची, सुमारे ३७० अश्वशक्तीची इंजिने कमिन्सची होती. इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर १९३१ साली सुरू झालेली परंपरा अशा रीतीने या देशात पोचली. पहिल्या वर्षी वेगाची मर्यादा ताशी ११० किलोमीटर एवढीच ठेवण्यात आली. ब्रेक थंड करण्याची सोय, संरक्षक कवचे, शर्यतीचे आसन व पट्टे, हे सर्व फेरफार येथेही करण्यात आले.

गाड्या भारतीय होत्या; चालक मात्र परदेशी होते. ब्रिटन व युरोपातील अनुभवी स्पर्धकांना पाचारण करण्याखेरीज आयोजकांना त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, कारण या प्रकारच्या शर्यतीचे शिक्षण घेतलेला मनुष्यच देशात नव्हता. ज्या देशात लक्षावधी माणसे मालमोटार चालवून पोट भरतात तेथे असे व्हावे, यात त्या माणसांच्या कौशल्याची उणीव दिसत नाही. वाहन घडविण्याची संस्था येथे साठ वर्षे होती, चालक घडविण्याची नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पुढे वाहतूक व्यावसायिकांकडील चालकांमधून निवड करून त्यांना शिक्षण देण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला, आणि २०१६ च्या स्पर्धेत भारतीय चालक प्रथमच धावपट्टीवर उतरले. २०१७ साली एक हजाराहून अधिक अश्वशक्तीची गाडीही सादर झाली. २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षे ही स्पर्धा भरली. त्या चार वर्षांतील सर्वांत अर्थपूर्ण घटना कोणती असे विचारल्यास हजार अश्वशक्तीपेक्षा २०१६ मधील चालकांकडेच बोट दाखवावे लागेल.

(६)

२०१४ हे वर्ष आणखी एका कारणाने ध्यानात राहते. मालमोटारींची पहिली शर्यत होऊन दोन महिने होतात न होतात तोच, ७ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलगाड्यांच्या शर्यती बंद झाल्या. महाराष्ट्रात १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशाने त्यांना सशर्त अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य ठरविला. त्या वादात विचार झाला तो प्रामुख्याने बैलाच्या वेदनेचा, आणि तो होणे योग्यच होते. ओढणाऱ्या जिवास किती सोसावे लागते, हा प्रश्न त्यामुळे कायद्याच्या भाषेत आला.

मालमोटारीत ओढणारे यंत्र असते; सोसणारा असतो तो चालक. त्याच्याविषयीचा प्रश्न कायद्याच्या भाषेत येण्यास याहून अधिक काळ लागला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींची केबिन वातानुकूलित असावी असा नियम डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जमशेदपूर येथून पहिली मालमोटार निघाल्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी. गोंदिया जिल्ह्यातील देवरीवरून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. त्या मार्गावरून तांदळाची पोती घेऊन रात्रंदिवस जाणाऱ्या गाड्यांतील बहुसंख्य चालक त्यापूर्वीच्या केबिनींतच बसलेले आहेत.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा. शर्यतीने डिझेल मालमोटारीस वेग दिला हे खरे. पण तो वेग महामार्गास उपयोगाचा नाही, आणि शर्यतीच्या बहुतेक यांत्रिक सुधारणा धावपट्टीपुरत्याच राहतात. महामार्गावर नेण्याजोगी गोष्ट एकच आहे. माणसाच्या जागेचा विचार आधी आणि शक्तीचा नंतर, हा क्रम शर्यतीच्या नियमांनी सक्तीचा केला. झाडीपट्टीतील पटाच्या गाडीने हा क्रम कधी मोडलाच नव्हता. मालमोटारीच्या रचनेत तो येण्यास आता कोठे प्रारंभ झाला आहे.