झोपेच्या औषधांची कहाणी

'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' अशी आपल्याकडे म्हण आहे. डोळ्यांवर झोप असली की उशाला धोंडाही चालतो. पण ज्याला महिनोन् महिने झोपच येत नाही, त्याला मऊ उशी देऊन काय उपयोग? हे दुखणे फार जुने आहे आणि त्यावरची औषधेही जुनी आहेत. त्यांची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार सांगितले आहेत. झोप येत नसेल तर अंगाला तेल चोळावे, स्नान करावे, दूध घ्यावे, मन प्रसन्न ठेवावे, असे उपाय तेथे दिले आहेत. हे झाले सौम्य उपाय. ज्यांना झटपट गुण हवा असे, ते अफूकडे वळत. अफू म्हणजे खसखशीच्या बोंडाचा चीक. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना अफूची गोळी देऊन निजवीत. त्या झोपेतून काही पोरे पुन्हा उठलीच नाहीत. झाडपाल्याचे औषध बाधत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुढे प्रयोगशाळेतली औषधे आली. क्लोरल हायड्रेट हे द्रव्य लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३२ सालीच तयार केले होते. पण त्याने झोप येते हे बर्लिनच्या लीब्राइख यांनी १८६९ मध्ये दाखविले. १९०३ साली एमिल फिशर आणि फॉन मेरिंग यांनी 'व्हेरोनल' पुढे आणले. त्याच्या जातीची बार्बिट्युरेट औषधे पुढची पन्नास वर्षे घरोघर गेली. त्यांतला धोका मागाहून उमगला. त्यांची सवय जडते, आणि झोप आणणारी मात्रा व जीव घेणारी मात्रा यांत अंतर थोडे असते.

म्हणून निर्धोक गोळीचा शोध सुरूच राहिला. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड बाजारात आले. अगदी सुरक्षित, अशी त्याची जाहिरात होती. गरोदर बायकांनीही ते घेतले. मग हातपाय खुंटलेली मुले जन्मू लागली. नोव्हेंबर १९६१ मध्ये तेथे ते औषध बंद झाले, तोवर जगभर दहा हजारांच्या आसपास मुलांना त्याची झळ पोचली होती. अमेरिकेत मात्र सरकारी औषध खात्यातल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी 'पुरावा पुरेसा नाही' म्हणून परवानगीच दिली नाही. कंपनीने तगादा लावला, पण बाई हटल्या नाहीत. तेथली कितीतरी घरे त्यामुळे वाचली.

आपल्या सर्पगंधेचीही गोष्ट अशीच बोलकी आहे. या मुळीचा वापर आपल्याकडे निद्रानाशावर आणि वेडावर पूर्वापार होता. १९३१ साली कलकत्त्याच्या सेन व बोस या डॉक्टरांनी तिच्यावर लिहिले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला. तिच्यातले रेसरपीन हे द्रव्य १९५२ साली वेगळे काढण्यात आले. मग कळले की, तिने रक्तदाब फार उतरू शकतो आणि मन खिन्न होऊ शकते. दुधातल्या जायफळाचेही तसेच. चिमूटभर ठीक, भरमसाट घेतले तर भ्रम होतो.

१९६० नंतर डायझेपामच्या जातीच्या गोळ्या आल्या. त्या बार्बिट्युरेटपेक्षा खूपच बऱ्या. पण सवय त्यांचीही लागते, आणि म्हातारी माणसे त्यांनी तोल जाऊन पडतात. अशी गोळी बरेच दिवस चालू असेल तर ती एकदम तोडू नका. झटके येण्याची भीती असते. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

मग जुनाट निद्रानाशावर आधी काय करावे? १९७२ मध्ये बूट्झिन या मानसशास्त्रज्ञाने साधी रीत सांगितली: झोप आली तरच अंथरुणावर जावे, झोप लागत नसेल तर उठून बसावे, सकाळी ठरल्या वेळी उठावे, दिवसा डुलकी घेऊ नये. अशा रीतींवर उभारलेला उपचार आधी करावा आणि गोळीचा विचार मागाहून, असे अमेरिकेतल्या वैद्यांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. या रीतीला गुण यायला काही आठवडे लागतात, एवढा धीर हवा.

तेव्हा कोणी 'ही गोळी घ्या, अगदी निरुपद्रवी आहे' म्हणाले, मग ती दवाखान्यातली असो की झाडपाल्याची, तर केल्सीबाईंसारखे विचारा: पुरावा काय? शिक्षकांनी हा प्रश्न मुलांनाही शिकवावा.