काचेचा घोडा, मुरानोचे हात

आज जायचंय इटलीत, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर. रील्सवर तो घोडा तुम्ही पाहिला असेलच. सळईच्या टोकावर तापलेल्या काचेचा गोळा, कारागीर चिमट्याने इथे ओढतो, तिथे दाबतो, आणि दोनेक मिनिटांत मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा तयार. बघताना वाटतं, हे तर आपणही करू.

करून बघा! भट्टीतली काच साधारण अकराशे अंशांवर असते, दोन तारी पाकासारखी. सळई सतत फिरवत ठेवावी लागते, थांबलात की गोळा एका बाजूला ओघळला. हात लावता येत नाही. आणि खरी गंमत पुढेच. घोड्याचं पोट जाड, पाय बारीक. पाय आधी गार होतात. जास्त गार झाले तर तडकतात, म्हणून पुन्हा आगीत धरायचं. जास्त धरलं तर तेच पाय मेणासारखे लोंबतात. इथे कंट्रोल झेड नाही. मूर्ती पुरी झाली तरी ती सुमारे पाचशे अंशांच्या बंद भट्टीत ठेवून हळूहळू थंड करायची, नाहीतर आतल्या ताणाने फुटते. मूर्ती जितकी जाड, तितका वेळ जास्त.

आता इतिहास. १२९१ मध्ये व्हेनिसच्या सरकारने शहरातल्या काचभट्ट्या मुरानोला हलवल्या. कारण आगीची भीती. पण त्यामुळे सगळे काच कारागीर एका बेटावर आले, आणि पुढे त्यांनी राज्य सोडून जाऊ नये म्हणून कायदेही झाले. तरी माणसं पळालीच. शिवाय १६१२ मध्ये आंतोनियो नेरी नावाच्या फ्लोरेन्सच्या धर्मगुरूने काच बनवण्याच्या कृतींचं अख्खं पुस्तक छापलं. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन चारशे वर्षांपूर्वीच पब्लिक झालं होतं. तरीही मुरानोची शान गेली नाही, कारण काच किती वेळ आगीत धरायची हे पुस्तकात कुठून येणार?

हे सगळ्यात चांगलं दिसतं अमेरिकेत. १९६२ मध्ये टोलेडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वी लिटलटन या प्राध्यापकाने छोटी भट्टी उभारली. त्याचं म्हणणं, काच म्हणजे फक्त कारखाना का? एकट्या कलावंताला स्वतःच्या स्टुडिओत ती करता यायला हवी. पहिल्या प्रयत्नात काच नीट वितळेना. मग डॉमिनिक लाबिनो या संशोधकाने फायबरग्लाससाठी बनवलेल्या काचेच्या गोट्या सुचवल्या, त्या वितळल्या. फुंकायचं कसं हे दाखवायला कारखान्यातला एक निवृत्त कारागीर आला. भट्टी, गोट्या, उत्साह, सगळं होतं. हात मात्र नवशिके होते.

१९६८ मध्ये डेल चिहुली हा अमेरिकन तरुण मुरानोच्या वेनिनी कारखान्यात राहून आला. तिथे त्याने पाहिलं की बाकावर उस्ताद बसतो आणि भोवती चार-पाच जण न बोलता काम करतात. कोणी सळई आणतं, कोणी दार धरतं. लिटलटनच्या 'एकटा कलावंत' कल्पनेच्या अगदी उलट. माझ्या मते भरीव मूर्तीसाठी तरी मुरानोचीच पद्धत बरोबर. जड गोळा फिरवत ठेवून त्याच वेळी त्याला कान जोडायला दोन हात पुरत नाहीत.

१९७१ मध्ये चिहुलीने सिएटलजवळच्या रानात पिलचक ही शाळा काढायला मदत केली. (आपल्याकडे तळेगाव दाभाड्याच्या पैसा फंड काच कारखान्याने १९०८ पासून असंच माणसं घडवायचं काम केलं, ती गोष्ट वेगळ्या भागात.) १९७९ मध्ये तिथे शिकवायला आला लिनो ताल्यापिएत्रा. मुरानोतच जन्मलेला, लहानपणापासून भट्टीवर वाढलेला. बेटावर लोक चिडले: आपल्या पोटावर पाय देतोय हा! मला तो राग खोटा वाटत नाही. आपण कोड ओपन सोर्स करतो तेव्हा पगार बहुतेक दुसरीकडून येत असतो. या घरांचा पगार म्हणजेच ते कसब होतं.

मूर्तींचं कसब नेलं पिनो सिन्योरेत्तोने. जन्म १९४४, दहा-बारा वर्षांचा असताना कामाला लागला, आणि आल्फ्रेदो बार्बिनी या भरीव काचेच्या उस्तादाच्या हाताखाली शिकला. पुढे तोही पिलचकला शिकवायला गेला. चिहुलीच्या कलाकृतींवर बसलेली काचेची गुटगुटीत बाळं, म्हणजे 'पुत्ती', ती पिनोच्या हातची. जेफ कून्ससाठीही त्याने काम केलं. २०१७ मध्ये तो गेला. ती बाळं आज संग्रहालयांत आहेत, आणि पाटीवर मोठं नाव असतं चिहुलीचं.