पान हरवलेले कोष्टक

पंचांगात एखाद्या दिवसाचे नक्षत्र शोधताना बोट ओळीवरून आडवे सरकते आणि नजर रकान्याच्या मथळ्याकडे वर जाते. कोष्टकातील नोंदीला अर्थ येतो तो तिच्या जागेमुळे, आणि ही जागा छापील पानावर पक्की असते. ई-पुस्तकाने नेमके ते पानच काढून घेतले.

४ जुलै १९७१ रोजी इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकित केला. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'चा हा आरंभ. या उपक्रमातील पुस्तके दीर्घकाळ साध्या मजकुराच्या फायलींत राहिली. तेथे कोष्टक करायचे म्हणजे रिकाम्या जागा मोजून रकाने जुळवायचे! प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा टंक असेल तोवर ते जुळलेले दिसत. टंक बदलला की सारे विस्कटे. मुळात हे कोष्टक आहे, याचा संगणकाला पत्ताच नसे.

मे १९९६ मध्ये डेव्ह रॅगेट यांनी 'आरएफसी १९४२' या दस्तऐवजात एचटीएमएल कोष्टकांची रीत मांडली. ओळ, चौकट आणि मथळ्याची चौकट यांना स्वतंत्र खुणा मिळाल्या. डिसेंबर १९९७ च्या 'एचटीएमएल ४.०'ने मथळा ओळीचा की रकान्याचा, हेही नोंदवण्याची सोय केली. (त्या काळच्या संकेतस्थळकारांनी कोष्टके पाने सजवण्यासाठी सर्रास राबवली, ती कथा निराळी.) १९९९ चे 'ओपन ईबुक' आणि २००७ चे 'ईपब' या दोन्ही मानकांनी हाच वारसा घेतला.

तरीही पडदा अरुंदच राहिला. सात रकाने तळहाताएवढ्या जागेत कोंबले आणि वाचकाने अक्षरे मोठी केली, की शब्दांचे तुकडे पडतात. यावर अनेकांनी कोष्टकाचे चित्र डकवण्याची पळवाट काढली. माझ्या मते हा सौदा फार महागात पडला. चित्रातली अक्षरे मजकुराबरोबर मोठी होत नाहीत, शोध घेतल्यास सापडत नाहीत. खुणा नीट दिलेल्या असतील, तर अंध वाचकाचे वाचनयंत्र प्रत्येक आकड्याबरोबर त्याचा मथळाही उच्चारू शकते. चित्रापाशी मात्र निर्मात्याने वर्णन जोडले असेल तेवढेच ते बोलते.

म्हणून जाणता निर्माता अनावश्यक रकाने गाळतो, रुंद कोष्टक दोन भागांत तोडतो, मथळ्यांच्या खुणा चुकवत नाही आणि रुंदी टक्क्यांत देतो. मग ते लहानात लहान फोनवर, सर्वांत मोठ्या अक्षरांत उघडून पाहतो.