महादेव यादव : उत्तर कोकण जिंकणारा राजा, एकसरचे वीरगळ आणि कान्हेरी

देवगिरीचा यादव राजा महादेव याने १२६१ ते १२७१ अशी सुमारे दहा वर्षे राज्य केले. भाऊ कृष्णदेव याच्यानंतर तो गादीवर आला. ठाणे, साष्टी म्हणजे आजची मुंबई उपनगरे तेव्हा शिलाहारांकडे होती. चारशेहून अधिक वर्षे टिकलेले हे घराणे महादेवाने १२६५ च्या सुमारास संपवले.

या युद्धाची हकीकत मिळते ती महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, याच्या ग्रंथातील राजप्रशस्तीत. कोकणचा राजा सोमेश्वर जमिनीवर यादवांच्या हत्तीदळापुढे टिकला नाही, जहाजांच्या आश्रयाला गेला आणि समुद्रात बुडाला, असे ती सांगते. प्रशस्ती म्हणजे धन्याची स्तुती. पण त्यानंतर शिलाहारांचा राजा दिसत नाही आणि कोकणात यादवांचे अधिकारी दिसतात, तेव्हा विजय खराच.

बोरिवली पश्चिमेच्या एकसर गावातले वीरगळ या लढाईचे मानले जातात. लढाईत मेलेल्यांच्या स्मरणार्थ उभारलेला दगड म्हणजे वीरगळ. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरने येथे सहा दगडांची नोंद केली आहे. काहींवर जमिनीवरची लढाई आहे, काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे. वरच्या पट्टीत मेलेला वीर शिवलोकी पोचतो. काही अभ्यासक मात्र हे दगड दोनशे वर्षे आधीचे ठरवतात आणि माळव्याच्या भोज राजाच्या स्वारीशी जोडतात; भोजाने कोकणविजयानिमित्त दिलेली १०२० ची दानपत्रे आहेत. म्हणून फलकावर किंवा पोस्टवर ‘महादेवाच्या लढाईचा पुरावा’ असे ठोकून लिहू नये, असे आम्हाला वाटते. जहाजात वल्ही मारणारे कोण होते, कोणत्या जातीचे होते, हे कोणताच दगड सांगत नाही.

महादेवाचा खरा वारसा जमिनीपेक्षा ग्रंथात जास्त टिकला. त्याचा मुलगा आमण गादीवर बसला, पण पुतण्या रामचंद्राने त्याला पदच्युत करून आंधळे केले. हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणी’ मात्र शतकानुशतके वापरात राहिला. व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे यांचे ते प्रचंड संकलन आहे. बाबासाहेबांनी भारताचा इतिहास बौद्ध धम्म आणि ब्राह्मणवाद यांच्या संघर्षाचा म्हणून मांडला. त्या नजरेने पाहता तलवारीपेक्षा हा ग्रंथ अभ्यासण्यासारखा आहे. दान कोणाला द्यायचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती समाजाची घडी असते.

दान पूर्वी कुठे जात होते ते कान्हेरीत, त्याच बोरिवलीच्या पूर्वेला, वाचता येते. शिलाहार तेव्हा राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक होते. शके ७६५ (इ. स. ८४३) च्या लेखात बुद्धपूजा, डागडुजी, भिक्खूंची चीवरे आणि पुस्तके यांसाठी द्रम्म ठेवल्याची नोंद आहे. हो, पुस्तकांसाठी वेगळे पैसे. शके ७७५ च्या लेखात गौड देशातून, म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने शंभर द्रम्म दिले आहेत. शिलाहार स्वतः शैव होते, तरी त्यांच्या राज्यात संघ जगत होता.

यावरून ‘महादेवाने कान्हेरी उजाड केली’ असे काही कार्यकर्ते भाषणात म्हणतात. याला पुरावा नाही. १००९ आणि १०२१ मध्ये पारशी प्रवाशांनी कान्हेरीत पहलवी लिपीत आपली नावे कोरली, ती महादेवाच्या अडीचशे वर्षे आधीची. संघाच्या दानाचे लेख त्याआधीच विरळ झाले होते. विहार अनेकदा हल्ल्याने नव्हे, देणारे हात दुसरीकडे वळल्याने बंद पडतात. आमच्या वस्त्यांतल्या विहारांचे वीजबिल आणि अभ्यासिकेची वर्गणी कोण भरते, याचा हिशेब मांडताना ८४३ चा तो लेख आम्हाला हमखास आठवतो.

कान्हेरीची सहल काढणाऱ्या मंडळांनी परतताना एकसरला एक तास थांबावे. दगडांवर शेंदूर, तेल किंवा रंग लावू नये आणि खडूने अक्षरे उठावदार करून फोटो काढू नयेत.