अर्धस्वयंचलित पिस्तूल : रचनेविषयीच्या तक्रारी

प्रत्येक बारासाठी चाप नव्याने ओढावा लागतो, पण रिकामी पुंगळी बाहेर टाकणे, घोडा चढवणे आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये सरकवणे ही कामे आधीच्या बाराच्या जोरावर आपोआप होतात, अशा आखूड नळीच्या हत्याराला अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणतात. या नोंदीत त्याचा इतिहास जुजबी आहे. भर आहे तो ते वापरणाऱ्यांच्या तक्रारींवर, आणि त्याही मुख्यतः नागपूर व विदर्भात दिसणाऱ्या पिस्तुलांपुरत्या.

मराठी मुलखाला या हत्याराची ओळख नाशिकमधून झाली. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राउनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक होते. आज पोलीस व लष्कराच्या कमरेला असलेले ९ मिमी पिस्तूल त्याच पिस्तुलाचा रचनाकार जॉन ब्राउनिंग याच्या अखेरच्या आराखड्यातून आले आहे, आणि परवानाधारक नागरिकांच्या ०.३२ बोअरच्या पिस्तुलात जाणारे काडतूसही त्याच्याच हातचे आहे.

नागपूर हे आयुध निर्माणीचे गाव. अंबाझरीचा कारखाना शहराला लागून आहे, शेजारच्या जिल्ह्यात भंडाऱ्याचा आहे, आणि कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. पिस्तुले मात्र इथे घडत नाहीत. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या. तेव्हा अंबाझरी ‘यंत्र इंडिया’कडे गेली आणि त्या कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच राहिले. लहान हत्यारे करणारे ईशापूर व कानपूरचे कारखाने कानपूरच्या कंपनीकडे गेले. त्यामुळे नागपूरच्या शिपायाला हातातल्या पिस्तुलाबद्दल काही सांगायचे असले, तर ते ऐकणारा कारखाना त्याच्यापासून फार दूर आहे.

तक्रार कशाची आहे, हे आधी वेगळे काढावे लागते. गोळी अडकली की दोष पिस्तुलाला दिला जातो. पण कधी मॅगझिनचे ओठ वाकलेले असतात, कधी काडतूस जुने असते, कधी स्प्रिंग वर्षानुवर्षे बदललेली नसते. खरा रचनादोष तोच, जो नव्या, स्वच्छ आणि नीट घडवलेल्या पिस्तुलातही असतो. असे दोष नीट पाहिले की बहुतेक ठिकाणी कोणाची तरी जुनी मागणी सापडते. कोणत्या तरी सैन्याने कधी काळी एक अट घातली, रचनाकाराने ती पाळली, आणि ते सैन्य बाजूला झाल्यावरही अट पोलादात राहून गेली.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याकडचेच आहे. ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हे भारतीय सेना व पोलिसांचे ओळखीचे पिस्तूल ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार होते. दुसऱ्या महायुद्धात टोरांटोच्या इंग्लिस कंपनीने ब्राउनिंग हाय पॉवर घडवले होते. १ए त्याच घडणीचे आहे. हाय पॉवरचा आराखडा फ्रेंच सैन्याच्या मागणीवरून सुरू झाला. ब्राउनिंग १९२६ मध्ये लीएज येथे वारला आणि बेल्जियमच्या दियदोने सेव्हने काम पुरे करून ते १९३५ मध्ये बाजारात आणले. तेरा काडतुसांचे दुहेरी ओळीचे मॅगझिन ही त्या काळी मोठी गोष्ट होती. मॅगझिन काढल्यावर बार उडू नये, ही अट फ्रेंचांची होती. फ्रेंचांनी शेवटी ते पिस्तूल घेतले नाही. त्यांची अट मात्र आजही १ए मध्ये आहे.

ती अशी काम करते. चापाला एक छोटी तरफ जोडलेली असते आणि मॅगझिनची पुढची बाजू तिला दाबून धरते. मॅगझिन बाहेर आले की तरफ सुटते, चाप आणि घोडा अडवणारा खटका यांचा संबंध तुटतो, चाप कितीही ओढला तरी काही होत नाही. कागदावर ही व्यवस्था चोख आहे. पण प्रत्येक वेळी चाप ओढताना ती तरफ मॅगझिनच्या पत्र्यावर घासते, म्हणून चाप जड आणि खरखरीत लागतो आणि नेम ढळतो. त्याच घर्षणामुळे बटण दाबल्यावर मॅगझिन आपसूक खाली पडत नाही, हाताने ओढून काढावे लागते. जगभर हाय पॉवर वापरणाऱ्यांची पहिली तक्रार हीच आहे, आणि अनेकांनी तो भाग काढून टाकला आहे. सरकारी हत्यारात अशी ढवळाढवळ करता येत नाही, करूही नये.

याहून गंभीर गोष्ट पिस्तूल रिकामे करताना घडते. मॅगझिनशिवाय चाप चालत नसल्याने चढलेला घोडा खाली आणायला रिकामे मॅगझिन पुन्हा आत घालावे लागते. ठरलेला क्रम असा : आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड ओढून चेंबर रिकामे करायचे, डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, नंतर रिकामे मॅगझिन घालून सुरक्षित दिशेला चाप ओढायचा. दमलेल्या माणसाने आधी स्लाइड ओढली तर एक काडतूस बाहेर पडते आणि मॅगझिनमधले दुसरे चेंबरमध्ये शिरते. मग तो मॅगझिन काढतो. बाहेर पडलेले काडतूस समोर दिसत असते, मॅगझिन हातात असते, चाप ओढला तर काही होत नाही. पिस्तूल रिकामे झाले अशी त्याची खात्री पटते. मग रिकामे मॅगझिन आत जाते, चाप ओढला जातो आणि गोळी सुटते. विस्मरणाच्या क्षणी माणसाला वाचवायला बसवलेला भागच इथे त्याला फसवतो. ‘साफ करताना गोळी सुटली’ या बातमीमागे क्रमाची अशी चूक असू शकते. अशा प्रसंगी चौकशीत शिपायाची चूक नोंदवली जाते आणि ती खरीही असते. पण चूक करायला वाव देणाऱ्या रचनेचीही नोंद व्हायला हवी, असे या लेखकाला ठामपणे वाटते.

१ए बद्दलच्या बाकीच्या तक्रारी थोडक्यात अशा. सेफ्टीचा खटका बारीक आणि फक्त डाव्या बाजूला, त्यामुळे अंगठा चटकन बसत नाही आणि डावखुऱ्याला तो जवळजवळ निरुपयोगी. स्लाइड मागे येताना कडीसारखा गोल घोडा अंगठा व तर्जनीमधली त्वचा चिमटतो. पंजा मोठा असलेल्या माणसाच्या हातावर सरावानंतर तिथे रक्ताची रेघ दिसते. नेम धरायची माशी बारीक आहे, संध्याकाळच्या उजेडात ती शोधावी लागते. पहिल्या बारासाठी घोडा चढलेला असणे आवश्यक आहे. चढवलेल्या घोड्याचे पिस्तूल कमरेला लावणे धोक्याचे वाटते, म्हणून सहसा चेंबर रिकामे ठेवतात. त्यामुळे ऐन वेळी दोन्ही हात मोकळे लागतात. मूठ मात्र इतक्या काडतुसांच्या मानाने सडपातळ आहे आणि हातात छान बसते, याचे श्रेय रचनाकारांना दिलेच पाहिजे. जुन्या हाय पॉवरमध्ये पोकळ टोकाच्या गोळ्या अडतात ही परदेशातली प्रसिद्ध तक्रार आहे. आपल्याकडे पूर्ण कवचाच्या गोळ्या वापरतात, म्हणून ती क्वचितच ऐकू येते.

नागरिकांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याची सुरुवात कायद्यातून होते. १९५९ चा शस्त्र कायदा व त्याखालील नियम यांनुसार ९ मिमी, ०.३८ आणि ०.४५५ ही मापे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहेत. नागपूर शहरात पोलीस आयुक्तांकडून आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून परवाना मिळाला की पिस्तुलात निवड बहुतेक ०.३२ बोअरपुरती उरते. त्यात आयुध निर्माणीचे ‘अशनी’ही आले. या मापाचे काडतूस १८९९ चे आहे. त्याच्या बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर स्लाइड पुढे ढकलताना दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि मॅगझिन जागीच जाम होते. झटका मारून ते सुटत नाही, मॅगझिन काढून हाताने मोकळे करावे लागते. पोकळ टोकाचे आखूड काडतूस असेल तर ते आत मागेपुढे सरकते आणि ही शक्यता वाढते. मॅगझिन भरताना प्रत्येक काडतूस मागच्या भिंतीला टेकवून, कड खालच्याच्या पुढे आहे हे पाहून दाबणे, एवढाच उपाय वापरणाऱ्याच्या हातात असतो.

याच पिस्तुलांची दुसरी तक्रार कडक स्लाइडची. ०.३२ च्या बहुतेक पिस्तुलांत नळी आणि स्लाइड यांना जखडणारी कुलूपरचना नसते. बाराचा दाब ओसरेपर्यंत स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग यांनीच चेंबर बंद राहते, म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते. परिणामी दुर्बळ काडतुसाचे छोटे पिस्तूल चढवायला कधीकधी ९ मिमीपेक्षा जड जाते. संरक्षणासाठी परवाना घेतलेल्या वयस्कर माणसाला ती स्लाइड पूर्ण मागे आणता येत नाही. ती अर्धवट सोडली की काडतूस तिरपे बसते. दुकानात घेताना स्वतःच्या हाताने पाच-सहा वेळा ओढून पाहावी आणि न जमल्यास रिव्हॉल्व्हर घ्यावे, हा सल्ला इथे अस्थानी ठरू नये.

भारताबाहेरच्या नामांकित पिस्तुलांकडे पाहिले की हाच पेच वेगळ्या रूपात दिसतो. १९८५ मध्ये अमेरिकन सैन्याने घेतलेल्या बेरेटाची सेफ्टी स्लाइडवर होती, त्यामुळे स्लाइड ओढतानाच ती नकळत लागे. काही पिस्तुलांची स्लाइड तुटून मागचा भाग वापरणाऱ्याच्या तोंडावर आला, तेव्हा तो अडवणारा वाढीव भाग नव्या आवृत्तीत बसवावा लागला. पुढच्या सिग पी३२० मध्ये, विशिष्ट कोनातून पडल्यास चाप स्वतःच्या वजनाने मागे येऊन बार उडू शकतो, असे २०१७ मधील चाचण्यांत दिसले. कंपनीने हलका चाप बसवून दिला. त्यानंतरही चाप न ओढता गोळी सुटल्याच्या तक्रारी न्यायालयांत गेल्या. कंपनी त्या नाकारते.

ग्लॉकची दिशा १ए च्या नेमकी उलट. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या या पॉलिमर सांगाड्याच्या पिस्तुलाला अंगठ्याची सेफ्टी नाही, मॅगझिनची अटही नाही. जे काही आहे ते चापातच. भारतात एनएसजीसारखी दले ते वापरतात. ऐन वेळी विचार करायला नको, ही त्याची मोठी सोय. पण सफाईसाठी उघडण्याआधी चाप ओढावाच लागतो. मॅगझिन काढले, चेंबर पाहायचे राहिले, आणि उघडायला चाप ओढला की गोळी सुटते. म्हणजे मॅगझिनची अट असलेले १ए आणि नसलेले ग्लॉक, दोन्ही एकाच चुकीपाशी माणसाला सोडतात. चेंबर भरलेले आहे की नाही हे हाताला आणि डोळ्याला ठळकपणे सांगणारी खूण असणे या दोन्ही उपायांहून मोलाचे आहे. काही नव्या पिस्तुलांत ती मिळते, १ए मध्ये नाही.

विदर्भाच्या हवेचाही हिशेब हवा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात बंदोबस्ताला उभे राहिलेल्या माणसाचे तेल लावलेले पिस्तूल धूळ धरते, आणि तेल-धूळ मिळून स्लाइडच्या खाचांत काळपट लेप बसतो. म्हणून उन्हाळ्यात तेल कमी लावावे. पावसाळ्यात त्रास उलटा. ओल्या चामडी होल्स्टरमध्ये रात्रभर राहिलेल्या पोलादावर सकाळी तांबूस ठिपके दिसतात, कारण चामडे कमावताना वापरलेली रसायने ओलाव्याबरोबर धातूला लागतात. पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवून कपाटात टाकण्याची सवय परवानाधारकांत सर्रास दिसते आणि मुलामा खराब होण्याचे ते मोठे कारण आहे.

पोलीस पंचनाम्यांत आणि बातम्यांत ‘माऊझर’ म्हणून येणारी गावठी पिस्तुले या नोंदीत धरलेली नाहीत. ७.६५ मिमीची ही नक्कल बाहेरून कारखान्यातल्यासारखी दिसली, तरी तिची नळी कोणत्या पोलादाची आहे हे कोणी तपासलेले नसते आणि पडल्यावर बार उडू नये यासाठी काही केलेलेही नसते. परवानाधारक उत्पादकाच्या हत्याराला विक्रीपूर्वी दाबाची चाचणी द्यावी लागते. गावठी पिस्तुलाची पहिली चाचणी ते झाडणाऱ्याच्या हातातच होते.