मुलांसाठी लिहिणाऱ्यांचा चरितार्थ

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या ग्रंथालयातील पुस्तकांची फेरमोजणी करण्याचे काम आम्हा तिघा निवृत्तांकडे आले. कादंबऱ्या, नाटके, चरित्रे यांची कपाटे बरी लागलेली होती. बालविभागाचे कपाट मात्र जिन्याखाली होते आणि त्याची किल्ली कोणाकडेच नव्हती. अखेर कडी उचकटून ते उघडले, तेव्हा आत वाळवीने निम्मे खाल्लेले ‘चांदोबा’चे बांधीव अंक, ‘किशोर’चे काही सुटे अंक आणि भा. रा. भागवत यांची दहाबारा पुस्तके निघाली. मदतीला आलेल्या एका महाविद्यालयीन मुलाने त्यांतले एक पुस्तक झटकून हातात घेतले आणि विचारले, “काका, हे लेखक पुण्याचे ना?” आम्ही म्हणालो, “जन्माने इंदूरचे. आपल्याच गावचे.” त्याला ते खरे वाटेना. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले, “मग ते करायचे काय?” पोटापाण्यासाठी काय करीत, असे त्याला विचारायचे होते.

आमची सारी नोकरी कोषागार खात्यात बिले तपासण्यात गेली. कोणत्याही कामाचा जमाखर्च पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तरीही ज्या पुस्तकांवर आमचे बालपण गेले, त्यांच्या कर्त्यांचा चरितार्थ कशावर चालला, हा प्रश्न साठी ओलांडेपर्यंत आमच्या मनात आला नव्हता. मराठी मुलांची पुस्तके कोणाच्या खर्चाने झाली, याचा थोडा मागोवा आम्ही त्यानंतर घेतला. तोच येथे मांडत आहोत.

आरंभ विनायक कोंडदेव ओक यांच्यापासून करणे योग्य होईल. १८४० साली कोकणातील हेदवी येथे जन्मलेले ओक हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील नोकर. १८८१ साली त्यांनी ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक काढले आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तेहतीसहून अधिक वर्षे, ते चालविले. प्रत्येक अंकात एक चरित्र, एक कविता, एक निबंध आणि एक शास्त्रीय विषय, असा त्यांचा नेम असे. या हिशेबाने एकट्या ओकांची चरित्रेच चारशेच्या वर जातात. सरकारी नोकरीत कागदाला कागद लावून दिवस काढणारी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली, आम्हीही त्यांतलेच. त्याच नोकरीच्या आधाराने मराठी मुलांना तीन तपांचे वाचन देणारा हा गृहस्थ पाहिला की आमची मान आपोआप खाली जाते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या बालवाङ्मयाचा पाया घातला गेला तोच फावल्या वेळात. पगार एकीकडे आणि मुले दुसरीकडे, ही विभागणी पहिल्या दिवसापासूनची आहे.

दुसरे नाव वासुदेव गोविंद आपटे यांचे. १९०६ साली त्यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले. मुलांसाठी त्यांनी ‘बालभारत’, ‘बालरामायण’, ‘बालभागवत’ अशी पुस्तके लिहिली. परंतु आपट्यांच्या ग्रंथांची यादी पाहिली तर ती मुलांपाशी थांबत नाही. बंकिमचंद्रांच्या कादंबऱ्यांची भाषांतरे, ‘बौद्धपर्व’ आणि १९२२ सालचा ‘मराठी शब्दरत्नाकर’ हा कोश, अशी ती पसरत जाते. लेखन हा व्यवसाय म्हणून कसा करावा, यावरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. ओकांना नोकरीचा आधार होता; आपट्यांनी लेखणीवरच उभे राहण्याचा यत्न केला. पण त्यांनाही मुलांच्या मासिकाच्या जोडीला कोश, भाषांतर आणि छापखान्याचा व्याप सांभाळावा लागला.

आता आमच्या गावच्या माणसाकडे वळू. भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म १९१० साली इंदुरात झाला. त्यांची कर्मभूमी पुढे मुंबई आणि पुणे ही झाली. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ हे मासिक काढले. ओकांप्रमाणे पाठीशी खाते नाही आणि मोठ्या प्रकाशनसंस्थेचे भांडवलही नाही, अशा स्थितीत मुलांचे मासिक काढणे म्हणजे काय, हे ज्यांनी मंडळाचे साधे त्रैमासिक चालविले आहे त्यांना सांगावयास नको. कागद, छपाई, ठसे आणि टपालखर्च यांची देणी आधी उभी राहतात. वर्गणी मागून येते, किंवा येतही नाही. मुलांच्या अंकाला चित्रे हवीत, म्हणजे खर्च अधिक. आणि किंमत मात्र कमी हवी, कारण पैसे वडिलांच्या खिशातून निघायचे. ‘बालमित्र’चे हे गणित जमले नाही आणि काही वर्षांतच ते बंद पडले.

भागवत मात्र थांबले नाहीत. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा त्यांनी अशा मराठीत आणल्या की परदेशी नावे वाचतानाही मुलांना परकेपण वाटू नये. पुढे फुरसुंगीचा बनेश फेणे त्यांच्या लेखणीतून सायकलवर बसून निघाला आणि ‘फास्टर फेणे’च्या वीस पुस्तकांतून दौडत राहिला. १९८७ साली तो दूरदर्शनवर आला आणि २०१७ साली चित्रपटात. त्यांच्या पत्नी लीलावती भागवत याही मुलांसाठी लिहीत आणि मुंबई आकाशवाणीवरील कार्यक्रमांतून घरोघरी पोहोचल्या होत्या. भागवत २००१ साली निवर्तले. त्यांचा मानसपुत्र मोठ्या पडद्यावर गेला तेव्हा तो पाहण्यास ते नव्हते. शंभराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाचा एखादा फोटोही त्याच्या जन्मगावच्या आमच्या ग्रंथालयात नाही. याचा दोष आम्ही इतरांवर ढकलणार नाही; त्याविषयी पुढे सांगूच.

लेखकांची ही स्थिती, तर चित्रकारांची काय असावी? लेखकाला निदान शेकडा ठरलेले मानधन दर आवृत्तीला मिळण्याची आशा असते. समजा, पुस्तकाची किंमत वीस रुपये, मानधन शेकडा दहा आणि आवृत्ती हजार प्रतींची. सगळ्या प्रती खपल्या तरी लेखकाच्या हाती दोन हजार रुपये पडतात, आणि खपायला दोनतीन वर्षे लागतात. चित्रकाराला बहुधा एकदाच रक्कम देऊन मोकळे केले जाई; पुढे दहा आवृत्त्या निघाल्या तरी त्याचा त्यांच्याशी संबंध उरत नसे. मुलाला गोष्ट विसरायला होते, चित्र आठवते. पण ते काढणाऱ्याचे नाव त्याला कधी ठाऊकच झालेले नसते.

या क्षेत्रात जे मराठी चित्रकार टिकले ते अनेक दारे उघडी ठेवून टिकले. दीनानाथ दलाल हे मडगावचे, जन्म १९१६ सालचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून त्यांनी मासिकांची आणि पुस्तकांची मुखपृष्ठे रंगविली, स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा अंक काढला. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तील त्यांची चित्रे पाहत वाढलेल्या मुलांच्या मनात शिवकाल उभा राहिला तो दलालांच्या रेषेतला. १९७१ साली, पंचावन्नाव्या वर्षीच, ते गेले.

शि. द. फडणीस यांचा जन्म १९२५ साली बेळगाव जिल्ह्यातील, निपाणीच्या परिसरातील भोज या गावी झाला. ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ यांच्या मुखपृष्ठांमुळे त्यांचे नाव घरोघरी गेले. पण आम्हाला येथे त्यांचे दुसरे काम आठवते. बालभारतीच्या प्राथमिक गणिताच्या पुस्तकांना त्यांनी चित्रे काढली. हसत हसत बेरीज शिकता येते हे त्या पुस्तकांनी दाखविले. दिवाळी अंक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरातही पाठ्यपुस्तक जातेच. त्यामुळे खेड्यापाड्यांतील लक्षावधी मुलांनी पाहिलेली पहिली चांगली चित्रे ही शासनाच्या खर्चाने छापलेली होती. आम्ही जन्मभर शासनाचा खर्च तपासला. इतका सत्कारणी लागलेला खर्च क्वचितच पाहिला. १९७१ साली बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केले. ते आजही चालू आहे, त्याचे कारणही हेच. पाठीशी संस्था आहे, म्हणून वर्गणीदार घटले म्हणून अंक बंद पडत नाही.

याच्याच जोडीचे उदाहरण मद्रासेचे आहे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ते अधिक जवळचे. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ साली आला. मूळ तेलुगू आणि तमिळ मासिक १९४७ सालचे, मालक बी. नागी रेड्डी, म्हणजे विजया स्टुडिओचे चित्रपटनिर्माते. छापखाना त्यांचा स्वतःचा, भांडवल भक्कम, आणि चित्रकार पगारावर ठेवलेले. के. सी. शिवशंकरन हे ‘शंकर’ या नावाने तेथे १९५०च्या दशकाच्या आरंभी लागले आणि सुमारे साठ वर्षे त्यांनी त्याच मासिकासाठी चित्रे काढली. खांद्यावर प्रेत घेऊन हातात तलवार धरलेला विक्रमराजा त्यांचाच. इंदुरातील आमच्या घरी टपालाने येणारा तो राजा एका तमिळ माणसाने काढलेला आहे, हे आम्हाला त्या वयात कोण सांगणार! २०२० साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी शंकर वारले. २०२१ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. ‘चांदोबा’ त्याआधीच, २०१३ साली, थांबला होता.

ही सारी आयुष्ये शेजारीशेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. प्रतिभेला तोटा कोठेच नव्हता. टिकले ते, ज्यांच्यामागे पगार, संस्था किंवा दुसरा धंदा उभा होता. ज्याने केवळ मुलांच्या वाचनावर भरवसा टाकला, त्या भागवतांचे मासिक बंद पडले. मुलगा हा वाचक खरा, पण तो गिऱ्हाईक नव्हे. गिऱ्हाईक आपण, वडीलधारी मंडळी. आणि आपण मुलांच्या पुस्तकाला नेहमी स्वस्त वस्तू मानत आलो. साहित्य अकादेमीने २०१० साली बालसाहित्यासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, हे योग्यच झाले. पण त्याची रक्कम ५०,००० रुपये ठरली, आणि मुख्य पुरस्काराची १,००,०००. मुलांसाठी लिहिणे हे निम्मे लिहिणे, असे कोणी म्हणाले नसेल. आकड्यांनी ते म्हटले. मराठीसाठी हा पुरस्कार २०१४ साली माधुरी पुरंदरे यांना मिळाला. त्या स्वतः लिहितात आणि चित्रेही स्वतः काढतात. चित्रकलेचे शिक्षण, फ्रेंचचे अध्यापन, गायन आणि भाषांतर इतक्या वाटांवरून चालत त्या मुलांच्या पुस्तकांपर्यंत आल्या. ओकांपासून पुरंदऱ्यांपर्यंत शंभराहून अधिक वर्षे गेली, तरी दुसऱ्या कामाचा आधार सुटलेला नाही.

आता आमची कबुली. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही मंडळाचे खजिनदार होतो. त्या वर्षी अंदाजपत्रकात तूट आली. मुलांच्या मासिकांची वर्गणी आणि बालपुस्तकांची खरेदी, या दोन्ही बाबींवर आम्ही लाल शाईने रेघ मारली. शेरा लिहिला, ‘बालवाचकांची उपस्थिती नगण्य.’ वाचनालयातील वृत्तपत्रे आणि गणेशोत्सवातील नाटक यांना हात लावला नाही. कोणी हरकत घेतली नाही. रक्कम इतकी किरकोळ होती की तिने तूट भरून निघण्यासारखीही नव्हती. त्यानंतर बालवाचक खरोखरच नगण्य झाले, आणि कपाट जिन्याखाली गेले. ज्या गिऱ्हाइकाने पाठ फिरवली म्हणून ‘बालमित्र’ बंद पडला, तो गिऱ्हाईक आम्हीच होतो, हे त्या मुलाच्या प्रश्नाने आमच्या लक्षात आणून दिले.

आमच्याकडे एक सोय मात्र अशी आहे, जी वडोदरा, बेळगाव किंवा हैदराबादच्या मराठी घरांना नाही. तेथील मूल शाळेत गुजराती, कन्नड किंवा तेलुगू लिपी शिकते. मराठीसाठी त्याला वेगळी अक्षरे गिरवावी लागतात. इंदूर-ग्वाल्हेरचे मूल हिंदीमुळे देवनागरी शिकूनच येते. त्याला मराठी अक्षर ओळखता येते. हाती द्यायला पुस्तक तेवढे हवे. ‘किशोर’चे जुने अंकही बालभारतीने संगणकावर विनामूल्य खुले केले आहेत. सबबी फारशा उरलेल्या नाहीत.

येत्या वार्षिक सभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. बालपुस्तकांच्या खरेदीसाठी कायम तरतूद करावी, आणि ती तूट आली तरी कापू नये, हा पहिला. भा. रा. भागवत यांचा फोटो त्यांच्या जन्मगावच्या या ग्रंथालयात लावावा, हा दुसरा. वाचकांना एक विनंती आहे. आपल्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत ‘बालबोध’, ‘आनंद’, ‘बालमित्र’ किंवा ‘चांदोबा’चे अंक पडून असतील तर रद्दीत देण्यापूर्वी मंडळाला कळवावे. न्यायला आम्ही स्वतः येऊ. कपाट आता जिन्याखालून काढून खिडकीजवळ ठेवले आहे, आणि त्याला कुलूप नाही.